शिकण्याच्या शैली: कोणता फरक खरा, कोणता मानलेला

पालकसभेत, शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गात आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या प्रश्नावल्यांत एक विधान वारंवार ऐकू येते: काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, तर काही हातांनी, म्हणून ज्या मुलाची जी शैली असेल त्या शैलीत त्याला शिकवले, तर ते अधिक चांगले शिकेल. या विधानाचे दोन भाग आहेत, परंतु ते एका दमात बोलले जात असल्यामुळे सहसा वेगळे करून पाहिले जात नाहीत. मुले एकमेकांहून वेगळी असतात, हा पहिला भाग. त्याबद्दल वर्गात दोन-चार वर्षे उभे राहिलेल्या कोणत्याही शिक्षकाला शंका नसते. हा वेगळेपणा ज्ञानेंद्रियांच्या पसंतीत असतो आणि त्या पसंतीनुसार अध्यापन बदलले की शिकणे सुधारते, हा दुसरा भाग. संशोधनाने गेल्या काही दशकांत कसून तपासला तो हा दुसरा भाग, आणि त्या तपासणीचा निष्कर्ष शाळांपर्यंत फारच कमी पोहोचला आहे.

'बोधात्मक शैली' आणि 'अध्ययनशैली' या दोन संज्ञा आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत बहुधा शेजारीशेजारी येतात, मात्र त्यांची घराणी निराळी आहेत. बोधात्मक शैलीची, म्हणजे माहिती पाहण्याच्या आणि तिच्यावर विचार करण्याच्या प्रत्येकाच्या ठरावीक ढबीची, कल्पना आधी प्रयोगशाळेत जन्मली. हर्मन विटकिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात एक साधा वाटणारा प्रयोग सुरू केला. अंधाऱ्या खोलीत एक प्रकाशमान चौकट आणि तिच्या आत एक प्रकाशमान दांडी असे. चौकट मुद्दाम तिरकी केलेली असे आणि समोर बसलेल्या व्यक्तीने दांडी अगदी ओळंब्यात उभी करायची असे. काही जण चौकटीकडे दुर्लक्ष करून दांडी जवळजवळ बरोबर उभी करत. काहींची दांडी मात्र चौकटीच्या कलाबरोबर कलत जाई, आणि तरीही ती सरळ उभी आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. भोवतालच्या चौकटीचा प्रभाव पडणाऱ्यांना विटकिनने 'क्षेत्र-अवलंबी' म्हटले आणि भोवतालापासून वस्तू वेगळी काढून पाहणाऱ्यांना 'क्षेत्र-स्वतंत्र'. पुढे गुंतागुंतीच्या चित्रात दडलेली साधी आकृती शोधण्याची चाचणी तयार झाली, आणि १९७०च्या दशकात हा विचार शिक्षणाला लागू करण्याचे प्रयत्न झाले: क्षेत्र-अवलंबी विद्यार्थ्याला आखीव मांडणी आणि इतरांच्या सोबतीने शिकणे मानवते, तर क्षेत्र-स्वतंत्र विद्यार्थी विस्कळीत माहितीची मांडणी स्वतःच करतो, असे ते म्हणणे होते.

जेरोम केगन यांनी १९६०च्या दशकात आणखी एक फरक नोंदवला. मुलाला एक चित्र दाखवायचे आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सहा चित्रांतून तंतोतंत तेच ओळखायला सांगायचे. काही मुले झटकन बोट ठेवत आणि चुकत. काही मुले एकेक तपशील ताडून पाहत, वेळ घेत आणि कमी चुकत. परीक्षेत प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहायला घेणारे मूल आणि तीन तास संपले तरी दोन प्रश्न सोडून आलेले मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

या संशोधनावर पुढे जो आक्षेप घेतला गेला तो महत्त्वाचा आहे. एखाद्या गोष्टीला शैली म्हणायचे, तर तिच्या दोन्ही टोकांना आपापले लाभ असले पाहिजेत. दडलेली आकृती शोधण्याच्या चाचणीत मात्र एक टोक सरळसरळ वरचढ ठरते: ज्याला आकृती लवकर सापडते, त्याचे गुण बुद्धिमापन चाचण्यांतही, विशेषतः अवकाशीय कल्पनाशक्तीच्या प्रश्नांत, चांगले येतात. म्हणजे जिला शैली म्हटले गेले, ती बऱ्याच अंशी क्षमता होती. हा भेद कोरडा वाटेल, परंतु त्याचे परिणाम व्यवहारी आहेत. शैली असेल तर शिक्षकाने तिच्याशी जुळवून घ्यायचे असते. क्षमता असेल तर ती वाढवण्यासाठी मुलाला सराव द्यायचा असतो. एकाच मुलासाठी या दोन वाटा परस्परविरुद्ध दिशांना जातात.

अध्ययनशैलीचे घराणे शाळा-महाविद्यालयांच्या अंगणात वाढले. अमेरिकेत रिटा आणि केनेथ डन या दांपत्याने प्रकाश, तापमान, दिवसाची वेळ, एकटे की गटात अशा अनेक पसंतींची यादी केली. डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याचे चक्र मांडून त्यावर चार शैली बेतल्या. आणि न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९८७मध्ये 'व्हार्क' ही प्रश्नावली तयार केली, जिच्यात दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती अशा चार पसंती मोजल्या जातात. आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुतेक या शेवटच्या वर्गीकरणाची किंवा त्याच्या तीन प्रकारांच्या जुन्या रूपाची असते. २००४ साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्राची मोजदाद केली, तेव्हा अध्ययनशैलींची एकूण ७१ प्रारूपे आढळली. त्यांतील १३ प्रमुख प्रारूपे त्यांनी बारकाईने तपासली आणि अनेकांच्या प्रश्नावल्या विश्वासार्हतेच्या प्राथमिक कसोटीलाही उतरत नाहीत असे दाखवून दिले. एकाच मुलाची ७१ प्रकारे वाटणी होऊ शकत असेल, तर त्यातली कोणती वाटणी मुलाच्या मनात खरोखर आहे आणि कोणती प्रश्नावली लिहिणाऱ्याच्या, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

आता खऱ्या कसोटीकडे वळू. एका वर्गाला पचनसंस्था शिकवायची आहे असे समजा. प्रश्नावलीवरून मुलांचे 'दृश्य' आणि 'श्राव्य' असे दोन गट केले. त्यानंतर प्रत्येक गटातील निम्म्या मुलांना, चिठ्ठ्या टाकून, आकृत्यांनी शिकवले आणि उरलेल्या निम्म्यांना तोच भाग तोंडी समजावून दिला. शेवटी सर्वांची एकच परीक्षा घेतली. शैलीचा सिद्धान्त खरा असेल, तर दृश्य गटातील मुलांना आकृत्यांनी अधिक गुण मिळाले पाहिजेत आणि श्राव्य गटातील मुलांना तोंडी पाठाने. प्रत्येक गटाच्या गुणांची एक, अशा आलेखावर काढलेल्या दोन रेषा एकमेकींना छेदल्या पाहिजेत. दोन्ही गटांना आकृत्यांनीच अधिक फायदा झाला, तर त्यातून एवढेच कळते की पचनसंस्था आकृतीने शिकवावी. मुलांच्या शैलीबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही. शाळांमध्ये दिले जाणारे बहुतेक दाखले नेमके याच जागी घसरतात. 'चित्रे दाखवली आणि अमुक मुलाला समजले' हा अनुभव खरा असतो, पण तीच चित्रे शेजारच्या 'श्राव्य' मुलालाही तितकीच उपयोगी पडली का, हे कोणी पाहिलेले नसते.

हॅरोल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनिएल, डग रोहरर आणि रॉबर्ट बियॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८मध्ये नेमकी हीच कसोटी लावून उपलब्ध संशोधन चाळले. अध्ययनशैलीवर प्रचंड लिखाण झालेले होते, परंतु ज्या अभ्यासांची रचना या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशी होती ते मूठभरच निघाले, आणि त्यांतील बहुतेकांनी सिद्धान्ताच्या विरोधात कौल दिला होता. त्यानंतर झालेले प्रयोगही त्याच दिशेचे आहेत. बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०१५च्या अभ्यासात प्रौढ व्यक्तींची श्राव्य किंवा वाचनाची पसंती आधी मोजली, मग एका गटाला मजकूर ऐकवला आणि दुसऱ्या गटाला वाचायला दिला. लगेच घेतलेल्या आणि दोन आठवड्यांनी घेतलेल्या अशा दोन्ही चाचण्यांत पसंती आणि मजकूर देण्याची पद्धत यांच्या जुळणीचा आकलनावर काहीही परिणाम दिसला नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना 'व्हार्क' भरून देऊन त्यांची शैली सांगण्यात आली. तरीही बहुतेकांनी त्या शैलीनुसार अभ्यास केलाच नाही, आणि ज्यांनी केला त्यांचे गुण इतरांहून सरस आले नाहीत.

असे असूनही ही समजूत जगभर टिकून आहे. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधील ९३ टक्के आणि नेदरलँड्समधील ९६ टक्के शिक्षकांनी ती खरी मानली होती. २०२०मध्ये फिलिप न्यूटन आणि अथर्व साळवी यांनी १८ देशांतील पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा हे प्रमाण ८९.१ टक्के निघाले. त्यामुळे यावर विश्वास ठेवणाऱ्या शिक्षकाला अज्ञानी ठरवण्यात अर्थ नाही. त्याला प्रशिक्षणातच हे शिकवले गेलेले असते आणि रोजचा अनुभव त्याला दुजोरा देत असल्यासारखे वाटत असते.

तसे वाटण्यामागे एक सूक्ष्म कारण आहे. पसंती खोटी नसते. कोणाला ऐकणे आवडते, कोणाला आकृत्या काढणे आवडते, आणि आवडत्या पद्धतीने अभ्यास केला की 'आता समजले' ही भावना लवकर येते. अबी नोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवले की ज्यांची पसंती दृश्य असते त्यांना चित्रे अधिक लक्षात राहतील असे वाटते आणि ज्यांची पसंती शब्दांची असते त्यांना शब्द. प्रत्यक्षात काय लक्षात राहिले याचा मात्र या पसंतीशी संबंध आढळला नाही. शैली अशा प्रकारे शिकण्याच्या समाधानाशी जोडलेली आहे. समाधानाला कमी लेखू नये, मात्र त्याला आकलनाचे माप समजणे चुकीचे आहे.

दुसरे कारण स्मृतीच्या स्वरूपात आहे. काहींची दृश्य स्मृती खरोखरच चांगली असते. साडीच्या दुकानात पाहिलेली रंगछटा त्यांना आठवडाभराने अचूक आठवते. काहींचा कान तयार असतो. परंतु शाळेत ज्याची विचारणा होते, ते क्वचितच रूप किंवा आवाज असते. प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय, अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करतात, पेशवाईच्या अखेरच्या काळात काय घडत गेले, या प्रश्नांची उत्तरे द्यायला अर्थ कळलेला असावा लागतो, आणि तो डोळ्यांनी आला काय किंवा कानांनी आला काय, मनात साठतो तो अर्थ म्हणूनच.

येथे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते असे सांगणाऱ्या, सिद्धान्ताबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण १९८३मध्ये मांडलेला तो सिद्धान्त आपल्याकडील कार्यशाळांतून सर्रास अध्ययनशैलीचा पुरावा म्हणून सादर होतो. गार्डनर यांनी स्वतः २०१३मध्ये वर्तमानपत्रातील लेखातून स्पष्ट केले, की बुद्धिमत्तांचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत. त्यांचा सिद्धान्त स्वतंत्र वादाचा विषय आहे. तो वाद येथे नको.

मग वर्गातील मुलांमधले कोणते फरक शिक्षणावर खरोखर परिणाम करतात? सर्वांत मोठा फरक पूर्वज्ञानाचा. बीजगणित नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पायरीपायरीने सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली, तर तो स्वतः चाचपडत गणिते सोडवणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो. हे जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून १९८०च्या दशकापासून दिसत आले आहे. परंतु तीच सोडवलेली उदाहरणे तयारीच्या विद्यार्थ्यापुढे ठेवली, तर त्यांचा फायदा नाहीसा होतो आणि कधी कधी ती अडथळाही ठरतात. त्याला आता स्वतः सोडवायला गणिते हवी असतात. स्लावा काल्युगा आणि सहकाऱ्यांनी २००३च्या सुमारास या उलटापालटीची सविस्तर मांडणी केली. शैलीच्या सिद्धान्ताने ज्या छेदणाऱ्या रेषांचे आश्वासन दिले होते आणि ज्या कधी दिसल्या नाहीत, त्या येथे दिसतात. फरक एवढाच, की येथे मुलाचा प्रकार कायमचा नसतो. आज नवखा असलेला विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच प्रकरणात तयारीचा असू शकतो, आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा नवखा.

मुंबईच्या महापालिका शाळांत या विचाराची प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे, आणि माझ्या मते आपल्या शिक्षक प्रशिक्षणात 'व्हार्क'ला जेवढी पाने मिळतात त्याहून अधिक पाने तिला मिळायला हवीत. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'बालसखी' कार्यक्रमात वस्तीतीलच एक तरुण मुलगी, तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच दिवसाचे सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून घेत असे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथे, कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरवून, या कार्यक्रमाचे मूल्यमापन केले. मुलांचे सरासरी गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, हे मोजणाऱ्या एककाने) वाढले, आणि सर्वांत मोठा लाभ तळाच्या मुलांना झाला. या मुलांना डोळ्यांची, कानांची किंवा हातांची मुले म्हणून वेगळे केलेले नव्हते. ती नेमकी कोठे अडली आहेत, हे पाहून वेगळे केले होते.

दुसरा फरक कार्यकारी स्मृतीचा, म्हणजे एका वेळी मनात किती गोष्टी धरून त्यांच्यावर काम करता येते याचा. प्रौढांनाही साधारण चारच स्वतंत्र घटक एका वेळी धरता येतात असा नेल्सन कोवन यांचा २००१चा अंदाज आहे. लहान मुलांची मर्यादा त्याहून कमी, आणि ती मुलागणिक बरीच बदलते. 'वही काढा, उजवीकडे तारीख घाला, पान ४२वरचा तिसरा प्रश्न लिहा, पण उत्तर आत्ता लिहू नका' एवढी सूचना ऐकताना काही मुले तारखेपाशीच गळतात. शिक्षकाला ती बेफिकीर वाटतात. प्रत्यक्षात सूचना तुकड्यांत दिली किंवा फळ्यावर लिहून ठेवली, की त्यांपैकी अनेकांची अडचण ओसरते, आणि ज्यांना अडचण नव्हती त्यांचे त्यात काहीही बिघडत नाही.

तिसरा फरक भाषेचा, ज्याच्याविषयी महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या अभिमानापोटी कमी बोलले जाते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारमध्ये भिल्लीची विविध रूपे बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्याला परकी असते. असे मूल वर्गात गप्प बसते आणि वस्तू हाताळायला मिळाल्या की खुलते. त्याला 'कृतीतून शिकणारे' म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्यामुळे त्याच्या भाषेची सोय करण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

शैलीचा विचार सोडला म्हणजे सर्वांना एकाच साच्यात शिकवावे, असा अर्थ मात्र निघत नाही. पद्धत ठरवताना मुलाच्या प्रकाराऐवजी विषयाचा स्वभाव पाहावा, एवढेच. सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या नकाशावाचून समजत नाहीत, आणि हे दृष्टी असलेल्या प्रत्येक मुलाला लागू आहे. पोवाडा वाचून कळेल, पण त्याचा आवेश ऐकल्यावाचून कळणार नाही. लंबदुभाजक कंपास हातात घेऊन काढावा लागतो. शब्द आणि आकृती यांची नीट सांगड घातली तर केवळ शब्दांपेक्षा अधिक समजते, हे रिचर्ड मेयर यांच्या अनेक प्रयोगांतून पुढे आले आहे, आणि त्याचा विशेष लाभ नवख्या विद्यार्थ्यांना होतो.

अभ्यासाच्या सवयींबद्दलही असेच. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६च्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने हेच आकडे ४० आणि ६१ झाले. विशेष म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. पुस्तक मिटून आठवून पाहणे कोणाच्याच आवडीचे नसते.

शैलीचे शिक्के निरुपद्रवी असते, तर त्यांच्याबद्दल एवढे लिहिण्याची गरज नव्हती. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पालकांना, शिक्षकांना आणि मुलांना काल्पनिक विद्यार्थ्यांविषयी विचारण्यात आले. ज्या विद्यार्थ्याचे वर्णन 'पाहून शिकणारा' असे होते, त्याला 'हातांनी शिकणाऱ्या' विद्यार्थ्यापेक्षा अधिक बुद्धिमान समजले गेले. कौतुकाने मारलेला शिक्का असा हळूच प्रतवारीचे काम करू लागतो. मुलाच्या बाजूनेही तो सोयीचा ठरतो: 'मी वाचून शिकणाऱ्यांतला नाही' असे एकदा मनाने घेतले, की वाचनाचा सराव सोडून द्यायला सन्मान्य कारण मिळते.

या शिक्क्याची सर्वांत जास्त किंमत ज्यांना मोजावी लागू शकते, ती म्हणजे वाचनदोष असलेली मुले. त्यांच्यातल्या अनेकांची बुद्धी चांगली असते, तोंडी उत्तरे चोख असतात, परंतु जोडाक्षरे अडतात, मात्रा इकडच्या तिकडे होतात आणि एक परिच्छेद वाचताना दम लागतो. अशा मुलाला 'श्राव्य शैलीचा' म्हणून पुस्तके वाचून दाखवत राहिले, तर दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि अक्षर-ध्वनी संबंधावर जे काटेकोर, नियमित काम लवकर सुरू व्हायला हवे होते ते लांबते. वाचनदोष जिच्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता ही शैली नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे, ती तज्ज्ञांकडून तपासून घेता येते, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर राज्य मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. तिसरी-चौथीतले मूल तोंडी हुशार आणि वाचनात सतत मागे दिसत असेल, तर मोबाइलवरची प्रश्नावली बाजूला ठेवून वर्गशिक्षक आणि पालक यांनी त्याच वर्षी ही तपासणी करून घ्यावी, कारण दहावीच्या वर्षी काढलेल्या प्रमाणपत्राने पेपरला वेळ वाढवून मिळतो, वाचन शिकवले जात नाही.